शेवटच्या प्रकरणाचा शिरा

पुणतांब्यात चांगुणाबाईंचा आवाज माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. बाई तशा सगळ्या बाबतींत बेताच्या. उंची बेताची, अंग बेताचं, रागसुद्धा बेताचा. आवाज मात्र कुणा धिप्पाड माणसासाठी तयार केलेला आणि चुकून त्यांच्या गळ्यात उतरवलेला असावा, असा. माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं. तिकडे समोरच्या टेकाडावर गुरं राखणाऱ्याला जेवायला बोलवायचं तर आवाज तेवढा लागतोच. लग्न होऊन त्या गोदाकाठच्या सपाट मुलखात आल्या, तेव्हा पहिले काही दिवस शेजारपाजारच्यांचा समज झाला की नवी सून फार भांडते. ती बिचारी नुसती मीठ मागत होती.

सासऱ्यांनी मात्र त्या आवाजाचं सोनं केलं. त्यांच्या घरी श्रावणात पोथी लागायची. दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी पोथी सुनेच्या हातात दिली आणि एकच गोष्ट बजावली, "जे छापलंय ते वाचायचं. पदरचं घालायचं न्हाई, त्यातलं गाळायचं न्हाई." बाईंनी हे फारच मनावर घेतलं. एका वर्षी बांधणी करणाऱ्याच्या गलथानपणामुळे पोथीत एक पान दोनदा आलं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं. राक्षस दोनदा मेला. ऐकणाऱ्या बायकांनी दोनदा हात जोडले. "एवढा मोठा राक्षस, एकदा मारून भागलं नसंल," असं एकजण म्हणाली आणि पोथी पुढे सरकली.

पुढे सासरे गेले, मुलं नोकऱ्यांच्या गावी गेली, नवरा सूर्यभान साखर कारखान्यातून निवृत्त होऊन ओसरीवर बसला. श्रावणात पोथीला माणसं मिळेनात, कारण तेच देव टीव्हीवर जास्त दागिने घालून यायला लागले. चांगुणाबाईंच्या गुडघ्यांनी शेतातल्या कामाला रामराम ठोकला. मग त्या फैयाज बागवानाच्या शेडमध्ये जायला लागल्या.

फैयाज पेरूच्या बागा घेतो. बागेतला माल शेडमध्ये येतो, तिथे बायका पोत्यांवर गोल करून बसतात आणि एकेक पेरू निवडून, त्याला फोमची जाळी चढवून क्रेटमध्ये लावतात. जाळी चढवलेला पेरू टोपरं घातलेल्या बाळासारखा दिसतो, आणि बायका त्याला तसंच हाताळतात. या कामात हात गुंतलेले असतात आणि कान रिकामे. रिकाम्या कानांमुळे गावात काय काय होतं ते सांगायला नको. चांगुणाबाईंना गुडघ्यांमुळे खुर्ची दिली होती. त्या उंचावर बसत, त्यामुळे त्यांना क्रेटच्या तळाशी घालायच्या रद्दीवरची अक्षरं दिसत. दिसलेलं अक्षर मनात ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही. त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

पण रद्दीचा एक वाईट गुण असतो. ती भलत्या जागी फाटते. "पळून गेलेली वधू सायंकाळी सापडली असून तिच्यासोबत" असं वाचून बाई थांबल्या, तेव्हा रेश्मानं हातातला पेरू खाली ठेवला.

"कोन हुतं सोबत?"

"फाटलाय कागद."

"आवो मावशी, असं अर्ध्यात सोडत्यात का कुनी? आता रातभर मला झोप न्हाई." रेश्मा शेडमधली सगळ्यात तिखट बाई. वयानं लहान, पण तिच्या तोंडाला मोठ्या बायकाही वचकून असत.

शेवटी आरतीनं मार्ग काढला. आरती कॉलेजात जाणारी, सुट्टीत शेडमध्ये येणारी. ती म्हणाली, "मावशी, सबंध पुस्तकच आणते. आमच्या लायब्ररीत आहे. जाड आहे, महिना-दोन महिने पुरेल."

तिनं आणली ती 'लवणद्वीप' नावाची कादंबरी. तीन भागांची. राजे, समुद्र, जादू, बोलणारं कासव. पुण्याकडच्या कुणा तरुण बाईनं लिहिलेली. आरतीच्या कॉलेजातली पोरं या पुस्तकावर मोबाईलवर भांडत असत म्हणे. ती चेहरा न दाखवता भांडत, पुणतांब्याच्या शेडमध्ये बायका समोरासमोर भांडू लागल्या, एवढाच फरक.

चांगुणाबाई वाचत. त्यांच्या वाटणीचे पेरू बाकीच्या उरकत. फैयाजनं आधी कपाळाला हात लावला. पण मग त्याच्या लक्षात आलं की गोष्ट चालू असताना कुणी पाणी प्यायलाही उठत नाही. फक्त लढाईच्या प्रकरणांना बायकांचा हात जोरात चाले आणि माल डागी व्हायचा. तो वजनकाट्याजवळून ओरडायचा, "मावशी, आज लढाई असंल तर जपून वाचा, नाजूक माल हाय!" प्रेमाच्या प्रकरणांना उलट. जाळी अर्धी चढवलेली, पेरू हातात, आणि सगळी शेड राजकन्या अरुंधरेच्या बागेत.

राजकन्येला बायकांनी तासाभरात 'आरूबाई' करून टाकलं. कासवाचं 'कासवबुवा' झालं. पहिला भाग संपता संपता लवणद्वीपाचा कारभार शेडनं पुरता तपासला होता.

"एवढी सात बेटं, अन् कुनाच्याच नावावर सातबारा न्हाई. लढाया हुनारच की!"

"मी म्हनते, सहाशे पानं झाली, एकदा तरी कुनी भांडी घासली का?"

"राजा तीन दिवस उपाशी लढला म्हनं. आमच्याकडं एक टाईम भाकरीला उशीर झाला तर लढाई घरातच हुती."

या सगळ्या कलकलाटात एक बाई गप्प बसून ऐकायची. मेहताबबी, फैयाजची आई. मालकाची आई म्हणून तिनं घरी बसायला हरकत नव्हती, पण ती रोज यायची आणि चांगुणाबाईंच्या खुर्चीला टेकून बसायची. दोघी एकाच वर्षी नव्या नवऱ्या म्हणून गावात आल्या होत्या. एकीचा आवाज गावाला खुपला होता, दुसरीची भाषा. तेव्हापासूनचं मैत्र.

मेहताबबीला धाकटा मुलगा होता, लालमहंमद. त्याला फळांत गोडी नव्हती, मोबाईल खोलण्यात होती. दोन वर्षांपूर्वी फैयाजनं याच शेडमध्ये, सगळ्या बायकांसमोर त्याला म्हटलं, "पेरूला हात लावायची लाज वाटती व्हय तुला?" लालमहंमदनं हातातला क्रेट खाली ठेवला आणि निघून गेला. नगरजवळच्या केडगावात त्यानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे तो निरोप द्यायचा, "आईनं बोलवलं तर येईन." आणि मेहताबबी निरोप ऐकून म्हणायची, "मी कुठं घालवला त्याला? जो उंबरा वलांडून गेला त्यानं वलांडून यावं." दोघांच्यात असं रीतसर बोलणं चालू होतं, फक्त एकमेकांशी नव्हतं.

आणि नेमकी 'लवणद्वीप'मध्ये नभा होती. समुद्राच्या वेशीवर दिवा लावणारी बाई. तिचा मुलगा विहंग पहिल्याच भागात मोठ्या भावाशी भांडून समुद्रापार जातो. नभा रोज संध्याकाळी वेशीच्या बुरुजावर दिवा लावते, त्याला परतीची वाट दिसावी म्हणून. खाली पाण्यात होडी बांधलेली, वर दिवा, आणि दिव्यापाशी आई. विहंग पुढे कासवबुवांच्या पाठीवर बसून लढला आणि सेनापती झाला, पण शेडमध्ये त्याला कुणी सेनापती म्हटलं नाही. तिथे तो शेवटपर्यंत 'विहंग्या'च राहिला.

नभाचा प्रसंग आला की मेहताबबीचा हात थांबायचा. दुसरं काही विचारायची नाही, कधी दोन-दोन दिवस नभाचं नाव आलं नाही की हळूच म्हणायची, "आज दिवा लावला का गं तिनं?"

"आजच्या पानांत न्हाई तसं काही," चांगुणाबाई सांगायच्या.

"लावला असंल," मेहताबबी म्हणायची, आणि पुढचा पेरू उचलायची. विहंग्याला शेडमधल्या सगळ्या बायका शिव्या घालत. मेहताबबीसमोर मात्र जरा जपून.

तिसरा भाग आला तो पेरूचा हिवाळी हंगाम भरात असताना. 'शेवटची भरती' असं त्याचं नाव. आरतीनं पिशवीतून काढला तेव्हा रेश्मानं त्याला हात लावून हात कपाळाला लावला. वाचन सुरू झालं. आरूबाई गादीवर बसली. कासवबुवा वारले, त्या दिवशी डबे उशिरा उघडले गेले. सगळ्यांना आता एकच कळायचं होतं. विहंग्या घरी येतो का नाही.

नावं अवघड म्हणून चांगुणाबाई दुसऱ्या दिवशीचा भाग घरी आधी एकदा वाचून जात. त्या रविवारी शेवटची थोडी प्रकरणं उरली होती आणि बाईंना थांबता आलं नाही. त्यांनी पुस्तक संपवलं, मिटलं आणि भाजी निवडायची सोडून नुसत्याच बसल्या.

सूर्यभान ओसरीवरून बघत होते. त्यांना गोष्टींचं वावडं होतं, पण शेवटाची आवड होती. "झालं का? मेला का जगला, तेवढं सांग."

"तो जगला. राजा झाला तिकडंच. ती मेली."

"कोन?"

"नभा. दिवा लावता लावता. त्याला पत्ताबी लागत न्हाई."

"म्हातारी हुती ना? मग?"

"मग काय? मेहताब बसती तिथं माझ्या खुर्चीला टेकून."

सूर्यभान ओसरीवरून उठून आत आले. मग म्हणाले, "बदल की मग. आला म्हन. भेटले म्हन. कोन पुस्तक उघडून बघनार हाय?"

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू देवळातली घंटा काढून आण असं त्यांनी सांगितलं असावं. पण भाकरी थापताना विचार काही जाईना. आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी पदरचं घालायचं मनावर घेतलं. विहंगला त्यांनी होडीतून उतरवला. बुरुजाखाली उभा केला. "आई, मी आलो," असं तो म्हणाला. पुढे काय? पुढे विहंग काही बोलेना. बाईंनी खूप प्रयत्न केला, पण समुद्रापारचा तो सेनापती "आई, मी आलो, वाढ जेवायला," याच्या पलीकडे जाईना. तव्यावरची भाकरी करपली. पुस्तक लिहिणारीला त्या दिवशी बाईंनी मनातल्या मनात बरंच सुनावलं, पण थोडा मानही दिला.

सोमवारी शेडकडे जाताना मेहताबबी रस्त्यात भेटली. थोडं चालल्यावर म्हणाली, "चांगुणा, तू पुढचं वाचून येती ना गं?"

"नावं अवघड असत्यात म्हनून."

"येतो ना तो?"

चांगुणाबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "असं आधी सांगत न्हाईत मेहताब. गोडी जाती."

"बरं," मेहताबबी म्हणाली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना दिवसभर वाटत राहिलं.

त्या दिवसापासून वाचन रेंगाळलं. बाईंना खोकला झाला. चष्मा घरी राहिला. एकदा तर त्यांनी रद्दी वाचायला घेतली, तेव्हा रेश्मानं कागद काढून घेतला. आणि वर नवंच संकट उभं राहिलं. पोथी संपली की समाप्ती करायची, गोडाचा नैवेद्य करायचा, ही रीत. तीन भाग, इतके दिवस, एवढी माणसं मेली त्यात, म्हणजे ही काही लहान पोथी नव्हे. समाप्ती व्हायलाच हवी, असं बायकांनी ठरवून टाकलं.

"मावशी, उद्या संपतंय ना?" रेश्मानं विचारलं. "मग शिरा करू का? का नुसता नारळ फोडायचा?"

प्रश्न साधा होता. पण चांगुणाबाईंना कळलं की आपण "नुसता नारळ" म्हटलं तर या सगळ्या जणी शेवट काय आहे ते आत्ताच ओळखतील, आणि मेहताबबी सगळ्यांत आधी.

"करा शिरा," त्या म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांच्या त्या आवाजातसुद्धा जेमतेम ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी शेडच्या कोपऱ्यात शिऱ्याचं पातेलं आलं. रेश्मानं आपल्या हातानं केला होता, केळं घालून, साजूक तुपातला. पुस्तकावर झेंडूचं फूल ठेवलं. मेहताबबी नेहमीपेक्षा लवकर येऊन खुर्चीला टेकून बसली होती, आणि तिनं धुतलेली चांगली साडी नेसली होती. ते बघून चांगुणाबाईंना पुस्तक उघडण्याऐवजी शेडमधून पळून जावंसं वाटलं. गुडघ्यांनी साथ दिली नसती, ही गोष्ट वेगळी.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. विहंगचा राज्याभिषेक झाला. नवी नगरी सजली. मग लेखिका पुन्हा वेशीवर आली. "'तीस वर्षांच्या वाऱ्यानं बुरुजाच्या पायऱ्या झिजल्या होत्या,'" चांगुणाबाई वाचत होत्या. "'नभा एकेक पायरी चढत होती. खाली भरतीच्या पाण्यावर होडी हलत होती. तिनं वात सारखी केली, आणि...'"

इथे पान संपत होतं. बाईंनी पान उलटायला बोट लावलं आणि थांबल्या. "आई, मी आलो." तीनच शब्द घुसडायचे. कुणाला कळणार होतं? त्यांनी खाली पाहिलं. मेहताबबी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती हातातल्या पेरूकडे बघत होती, आणि ऐकत होती. इतक्या विश्वासानं ऐकत होती, की या बाईला खोटं वाचून दाखवणं म्हणजे तिच्या ताटात काहीतरी कालवून देणं होतं.

चांगुणाबाईंनी पान उलटलं. जे छापलं होतं ते वाचलं. नभाचा हात वातीवरच थांबला. दिवा त्या संध्याकाळी लागला नाही. समुद्रापार कुणाला काही कळलं नाही. "समाप्त," असं बाईंनी वाचलं, कारण तेही छापलेलं होतं.

मग रेश्मा उठून उभी राहिली.

"म्हंजे? संपलं?"

"संपलं."

"मागं अजून पानं हाईत की!"

"ती दुसऱ्या पुस्तकांची जाहिरात आहे," आरती म्हणाली.

"जाहिरातीला पानं हाईत, अन् विहंग्याला घरी यायला एक पान न्हाई?" रेश्माचा आवाज चढला. "कुठं ऱ्हाती ही बाई? पुन्यात? तिला आई हाय का न्हाई?"

"असं लिहायचं हुतं तर आधी सांगायचं! मी काल मुलाला मारलं हिच्या पायी, लवकर काम उरकावं म्हनून!"

"अन् तो मेला राजा झालाय तिकडं. पडो त्याच्या राज्यावर दगड."

तेवढ्यात एकीचं लक्ष पातेल्याकडे गेलं आणि भांडणाला फाटा फुटला. बाई गेली, आणि आपण गोड करून बसलोय. आता खायचं कसं? एकजण म्हणाली, समाप्ती ती समाप्ती, नैवेद्य टाकता येत नाही. दुसरी म्हणाली, मयत झालेल्या घरात शिरा खातात का? आरती म्हणाली, "अहो, ती खोटी आहे. गोष्टीतली आहे."

"तुला असंल खोटी," रेश्मा डोळे पुसत म्हणाली. "मी दोन महिने तिच्यासंगं पेरू भरलेत."

चांगुणाबाईंना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्या मेहताबबीकडे बघत होत्या. मेहताबबी रडत नव्हती. तिच्या कपाळावर आठी होती. भाजीवाल्यानं कमी माप दिल्यावर पडते तशी.

"चांगुणा," ती म्हणाली, "ती होडी वाच परत."

"काय?"

"होडी. खाली होडी हलत हुती म्हनलीस ना. ती कुनाची?"

चांगुणाबाईंनी मागचं पान काढलं. "'खाली भरतीच्या पाण्यावर होडी हलत होती.' कुनाची ते न्हाई दिलेलं."

"पयल्या भागातबी हुती."

"हुती की. तिन्ही भागांत हाय. दर वेळंला बुरुजाखाली बांधलेली हाय."

मेहताबबीनं पेरू खाली ठेवला. "म्हंजे तीस वर्षं दाराशी होडी बांधलेली, अन् ही रोज जिना चढून दिवा लावती. उतरून होडीत बसली असती तर? वल्हवता येत नसंल तर कुनाला संगं घ्यायचं! दिव्याला तेल किती लागलं असंल, त्यात चार बेटं फिरून झाली असती. येडी का काय ही बाई?"

आजवर सगळ्यांनी शिव्या विहंग्याला घातल्या होत्या. नभाला बोल लावायचा असतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मेहताब, तिचा मान..." चांगुणाबाई काहीतरी म्हणायला गेल्या.

"मान जिन्यावरच मेला तिचा," मेहताबबी म्हणाली, आणि खुर्चीला धरून उठली. "फैयाज!"

फैयाज काट्याजवळ उभा होता. तो तासभर तिथेच उभा होता, आणि तासभर काट्यावर एकच क्रेट होता.

"गाडी कवा निघायची नगरला?"

"माल भरला की निघतो, अम्मा."

"दिवसाआड जाती ना गाडी? नगरापासून केडगाव किती?"

फैयाजनं मान खाली घातली. "जवळच हाय. पुने रस्त्याला."

"दोन वर्षं माझ्या दारातून जाती," मेहताबबी स्वतःशीच म्हणाली. मग पदर नीट केला. "मी पुढं बसनार. चांगुणा, तू चल. त्याच्या दुकानावर पाटी हाय म्हनत्यात, आमाला कुनाला घावायची न्हाई."

जाताना ती पातेल्याशी थांबली. "समाप्ती झाली ना? मग वाटा की. गार झाल्यावर तूप थिजतं." तिनं स्वतः पहिला घास घेतला. मग बाकीच्यांनीही घेतला, काहींनी रडत, एकीनं दोनदा.

नगर-मनमाड रस्त्यावर पिकअपच्या पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं बसली होती. फैयाज गप्प चालवत होता. खड्डा आला की मेहताबबी म्हणायची, "माल जपून," आणि दुसरं काही बोलायची नाही. नगरच्या बाजारात माल उतरला. फैयाजनं एक क्रेट उतरू दिला नाही. विचारलं तर म्हणाला, "असू द्या."

केडगाव आल्यावर चांगुणाबाईंचं काम सुरू झालं. दुकानाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्या दिसेल ती पाटी वाचू लागल्या. वाचायचं म्हटल्यावर मनात वाचणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या संपूर्ण केडगावला केडगाव वाचून दाखवत होत्या. "हेअर कटिंग! टायर पंक्चर! येथे सर्व प्रकारचे हार मिळतील! दातांचा दवाखाना, पहिला मजला!" फोन नंबरसुद्धा त्यांनी गाळले नाहीत. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

पुढच्या कोपऱ्यावर एका लहानशा दुकानातून एक तरुण स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन धावत बाहेर आला. लहानपणापासून कानात बसलेला तो आवाज इथे, पुणे रस्त्यावर, दाताच्या दवाखान्याचा नंबर सांगत होता. लालमहंमदला वाटलं, गावाकडे काहीतरी झालं.

मेहताबबी उतरली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याला नीट खालून वर बघितलं. मग कमरेच्या पिशवीतून आपला बटणांचा मोबाईल काढून त्याच्या हातात ठेवला.

"हा बिघडलाय," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, तुझा फोन लागतच न्हाई याच्यावर. बघ जरा काय झालंय."

लालमहंमदनं मोबाईल घेतला. मागचं झाकण काढलं. त्यात बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला, कारण मान वर केली असती तर डोळे दिसले असते.

मागून फैयाज क्रेट घेऊन आला. धाकट्या भावाकडे न बघता म्हणाला, "कुठं उतरवू?"

"आत ठेव," लालमहंमद म्हणाला. आणि लगेच, "जड हाय, थांब, धरतो." क्रेटला त्यानं दुसऱ्या बाजूनं हात लावला. चांगुणाबाईंना तव्यापाशी विहंगच्या तोंडी घालायला किती तरी वेळ जे सुचलं नव्हतं, ते या पोरानं एका दमात बोलून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालमहंमद शेडच्या दारात उभा राहिला. रात्री आईकडे मुक्कामाला आला होता, दुपारी दुकानावर परत जायचं होतं. सगळ्यांना जाता जाता रामराम करावा, एवढाच त्याचा विचार होता.

आत सगळे हात थांबले. सगळ्या बायका त्याच्याकडे बघू लागल्या. लालमहंमदला जरा अवघडल्यासारखं झालं. गावातल्याच बायका, पण अशा बघत होत्या, जणू तो पाण्यातून निथळत वर आला असावा.

रेश्मा उठली. हात कमरेवर ठेवून त्याच्यासमोर गेली. "आलास? इतकं दिवस कुठं हुता?"

"केडगावला."

"केडगावला!" रेश्मानं मागं वळून सगळ्यांना सांगितलं. "केडगावला हुता म्हनं! अन् हितं आईनं जिना चढून चढून पाय झिजवले त्याचं काय?"

"जिना?" लालमहंमद गोंधळला. "आमच्या घराला जिना न्हाई ताई."

"उलट बोलतोय वर!" दुसरीकडून आवाज आला.

"राजा झाला की आई दिसत न्हाई!"

"तीस वर्षं दिवा लावला तिनं!"

"तीस? आवो मी अठ्ठावीसचा हाय. अन् कसला दिवा? आमच्यात लाईट हाय की!"

आता तर सगळ्या शेडनं त्याला चहूबाजूंनी घेरलं. कासवबुवांच्या मरणाचासुद्धा जाब त्याला विचारण्यात आला. चांगुणाबाई खुर्चीवर बसून पदरात हसत होत्या. काट्याजवळ फैयाजनं तोंड फिरवलं होतं, पण त्याचे खांदे हलत होते. लालमहंमदनं अगदी केविलवाण्या नजरेनं आईकडे पाहिलं.

मेहताबबी पेरूला जाळी चढवत होती. ती नीट बसेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"माझ्याकडं काय बघतोस?" ती म्हणाली. "त्या विचारत्यात, त्यांना सांग."